सोडवलेली कोंबडी मोकाट सोडू नये

(माझे मत – इयत्ता सातवी)



कोंबड्या तर गावात घरोघरी आहेत, त्यात लिहायचे काय, असे तुम्ही म्हणाल. पण मी गावठी कोंबड्यांविषयी लिहीत नाही. पोल्ट्रीतल्या पांढऱ्या कोंबड्या दीड वर्षाच्या झाल्या की अंडी कमी घालू लागतात. मग सगळा लॉट खाटकाकडे जातो. त्यातल्या दोन-चार कुणी दया येऊन, कुणी स्वस्त मिळाल्या म्हणून घरी आणतो आणि अंगणात सोडून देतो. माझ्या मते हे सोडवणे नव्हे. आठवड्याच्या आत कुत्रे तरी नेते, नाहीतर मुंगूस.

आमची आजी म्हणते, "अगं, कोंबडी ती! तिला कसला आलाय वाडा? आमच्या वेळी डालग्याखाली झाकली की झालं." आजीचे खरे आहे, पण ते गावठीला. गावठी पिल्लू आईमागे फिरून सगळे शिकते. ही बिचारी यंत्रात जन्मली. तिने आई पाहिली नाही, माती पाहिली नाही. २०२३ साली केंद्र सरकारने नियम केले, त्यांत पिंजऱ्यातल्या एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा सांगितली आहे. आपल्या प्रश्नपत्रिकेचा ए-फोर कागद मी पट्टीने मोजला. तो भरतो सुमारे ६२४. म्हणजे नियमाने मिळणारी जागासुद्धा त्या कागदाहून लहान! तेवढ्यात उभे राहून तिचे पाय कमजोर होतात. अंड्याच्या कवचापायी हाडांतले कॅल्शियम जाते, म्हणून हाडे ठिसूळ असतात. ती कुत्र्यापुढे पळणार कशी?

म्हणून परसात जाळीचा वाडा हवाच. आमच्याकडे पाच कोंबड्या आहेत. त्यांना दहा फूट लांब, सहा फूट रुंद वाडा आणि एका टोकाला खुराडे केले आहे. जाळी अर्ध्या इंचाची घ्यावी. मोठ्या भोकांची स्वस्त पडते, पण तिच्यातून साप आत जातो. जाळी खाली एक फूट गाडावी, कारण कुत्रे उकरते. वरूनही झाकावे, घार आहे, मांजर आहे. खुराड्याच्या पत्र्यावर गवत टाकावे, नाहीतर मे महिन्यात आत भट्टी होते. बसायची दांडी दीड-दोन इंच जाड आणि जमिनीपासून फूटभरच उंच असावी. उंचावरून उडी मारली तर पाय मोडायचा. या कोंबड्यांना दांडीवर बसणेही ठाऊक नसते. पहिले पंधरा दिवस संध्याकाळी एकेकीला उचलून बसवावी लागते. मला हे काम सगळ्यांत आवडते.

नव्या कोंबड्या जुन्यांत लगेच मिसळू नयेत. तीन आठवडे तरी वेगळ्या ठेवाव्यात आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात राणीखेतच्या लसीचे विचारावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. खुराडे झाडल्यावर साबणाने हात धुवावेत, हे बाई सांगतात ते उगीच नाही.

रोजचे काम फार नाही, पण ते रोज करावे लागते. पाच जणींना दिवसाला अर्ध्या किलोहून थोडे जास्त खाद्य लागते. त्यांच्या चोचीचे टोक लहानपणीच कापलेले असते, विखुरलेला दाणा नीट टिपता येत नाही. म्हणून खोलगट भांडे द्यावे. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. बुरशी आलेला दाणा किंवा भाकरी कधीच घालू नये. पाणी एकीला पाव लिटर, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट, आणि तेही सावलीत. खाली भाताचे तूस घालून ते हलवत राहावे. वासाने डोळे चुरचुरले की तूस बदलायला उशीर झाला समजावे. राख-मातीचा एक खड्डा हवा, त्यात त्या लोळतात. पहिल्यांदा लोळताना पाहून आजीला वाटले, कोंबडीला फिट आली! रात्री बॅटरी घेऊन दांडीचे सांधे बघावेत. तांबडे बारीक किडे दिवसा तिथे दडतात आणि रात्री रक्त पितात.

काहीजण विचारतात, अंडी कमी, मग पोसायच्या कशाला? बाबांनीही हेच विचारले होते. आमच्या कोंबड्या दोन-तीन दिवसांआड अंडे घालतात, पिसे झडू लागली की तेही बंद. खाद्याचा खर्च त्यातून पुरता निघत नाही, हे मी लपवत नाही. पण दीड वर्ष तिने कागदाएवढ्या जागेत उभे राहून अंडी दिली, ती आपणच खाल्ली ना? शिवाय तिचे खत आमच्या वांग्यांना होते. बाबांनी अट घातली की सकाळचे काम तू केलेस तरच त्या राहतील. आषाढात पाहुणे आले, गटारीला एक तरी कापा म्हणाले. बाबांनी नाही म्हटले. पाचही जणी आहेत.

मात्र ज्याच्या घरी सकाळ-संध्याकाळ बघायला कुणी नाही, त्याने दया आली तरी त्या आणू नयेत. आणि सुट्टीत मामाच्या गावाला जायचे असेल तर शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवावे. किल्ली त्यांच्याकडे, पाण्याचे माप त्यांना दाखवलेले, आणि त्या दिवसांची अंडी त्यांची.