डीजेचा दणका ‘सी’ भारांकनावरही मोजा

विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीतून निघणारा जो दणका छातीत बसतो आणि खिडक्यांची तावदाने थरथरवतो, त्याचा मोठा भाग ध्वनिमापकाच्या आकड्यात उतरतच नाही. मानवी कानाला खर्जातले आवाज कमी ऐकू येतात, म्हणून यंत्रातले ‘ए’ भारांकन मोजमाप करतानाच त्यांत वजावट करते. 1000 हर्ट्झला ही वजावट शून्य असते, 100 हर्ट्झला सुमारे 19 डेसिबल आणि 63 हर्ट्झला 26 डेसिबल. त्यामुळे 63 हर्ट्झचा 100 डेसिबलचा आवाज ‘ए’वर 74 दिसतो, खर्जात फारशी वजावट न करणाऱ्या ‘सी’ भारांकनावर तोच 99 भरतो. आपल्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा, म्हणजे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, ‘ए’वरच ठरलेली आहे.

‘ए’ भारांकन शास्त्रीय आहे, मग बदल कशाला, असा आक्षेप येईल. पण त्याचा आधार फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी 1933 मध्ये मांडलेल्या समश्राव्यता वक्रांपैकी (कोणत्या पट्टीतला आवाज किती असला की कानाला सारखाच मोठा वाटतो, हे दाखवणाऱ्या रेषांपैकी) 40 फॉनचा, म्हणजे हळू आवाजाचा वक्र आहे. आवाज वाढत जातो तसा कान खर्जालाही जवळजवळ तितकाच प्रतिसाद देऊ लागतो. शिवाय भिंती आणि बंद खिडक्या वरच्या पट्टीतला आवाज बराच अडवतात, खर्ज मात्र आत येतोच. घरातल्या आजारी माणसाची झोप मोडते ती याच ठोक्यांनी. वाहतूक किंवा कारखान्यातला गोंगाट मोजायला आणि बहिरेपणाचा धोका जोखायला ‘ए’ उपयोगी आहे, हे मान्यच. ते काढून टाका असे कोणी म्हणत नाही. खर्जप्रधान आवाजासाठी ते एकटे अपुरे आहे, एवढाच मुद्दा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही हेच बजावले आहे.

खर्च आणि प्रशिक्षणाची अडचण फार मोठी नाही. अनेक ध्वनिमापकांत ‘ए’ आणि ‘सी’ दोन्ही सोयी आधीच असतात. पंचनाम्यात दोन्ही आकडे नोंदवले, तर त्यांतला फरकच खर्जाचे प्रमाण सांगेल. ‘सी’साठी कायदेशीर मर्यादा ठरायला वेळ लागेल, पण नोंदी नसतील तर ती ठरणार तरी कशावरून? राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने आणि पोलिसांनी येत्या उत्सवापासूनच हा दुसरा आकडा नोंदवायला सुरुवात करावी.