अप्रूव्हड आहे हो, पण कुणाचं?

फ्लॅटच्या जाहिरातीतला सगळ्यात स्वस्त शब्द कुठला? माझं मत ‘अप्रूव्हड’ला. लक्झुरिअस म्हणायचं तर निदान लॉबीत एक झुंबर लावावं लागतं. अप्रूव्हड म्हणायला काहीच लागत नाही. कुणी, काय आणि कुठल्या तारखेला अप्रूव्ह केलं हे विचारणारा गिऱ्हाईक विरळाच. आपण सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या फळांचे फोटो काढण्यात बिझी!

बऱ्याच जणांची अशीही समजूत असते की, महापालिकेच्या सभागृहात नगरसेवक बसतात, नकाशे उलगडतात आणि हात वर करून एखाद्या स्कीमला मंजुरी देतात. तसं होत नाही, राव. महापालिकेची स्वतःची घरकुल योजना किंवा विकास आराखड्यातला बदल असला तर विषय सभेपुढे जातो. बिल्डरच्या स्कीमचा प्लॅन मात्र बांधकाम परवानगी विभागाच्या टेबलावर तपासला जातो. जमीन कुठल्या झोनमध्ये, समोरचा रस्ता किती रुंद, एफएसआय किती, चारही बाजूंना मोकळी जागा, पार्किंग, फायर ब्रिगेडचा दाखला. मग कमेन्समेंट सर्टिफिकेट, पुढे जोत्याची तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. ही सगळी वेगवेगळी कागदपत्रं आहेत. ब्रोशरवर त्यांचा मिळून एकच शब्द होतो.

दिघीत तर हा शब्द जरा जपूनच ऐकावा.

आळंदी रस्त्यावर मॅगझिन चौक आहे. माउलींची पालखी पुण्याकडे निघते ती याच बाजूने. नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, चौकात पेपरचा मोठा स्टॉल असेल. पण हे मॅगझिन म्हणजे तुमच्या हातातलं नव्हे, दारूगोळ्याचं कोठार! त्याच्या सभोवती ११४५ मीटरपर्यंत रेड झोन धरला जातो. देहूरोडच्या डेपोभोवती हाच पट्टा २००० यार्डांचा, म्हणजे जवळपास १.८ किलोमीटर. यामागचा कायदा १९०३ सालचा. रेड झोनमध्ये महापालिका प्लॅन पास करत नाही. इथे शब्द चालतो लष्कराचा.

११४५ मीटर म्हणजे रमतगमत पंधरा मिनिटं. पण या पंधरा मिनिटांत घरं आहेत, दुकानं आहेत, क्लासेस आहेत. दिघी १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. भोसरीच्या कारखान्यांत कामाला आलेल्या माणसाला ‘झोन’ म्हणजे काय ते कुणी सांगितलं नाही. त्याला गुंठा, दीड गुंठा परवडत होता, तो त्याने घेतला. त्याला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. आणि ४ जानेवारी २००८ नंतरच्या अनधिकृत घरांना दुप्पट मालमत्ता कराचा शास्तीकर बसला तो वेगळाच. मार्च २०२३ मध्ये सरकारने तो माफ केला. कर माफ झाला, पण घर तेवढ्याने अधिकृत झालं नाही. टॅक्सची पावती, लाइट बिल, रजिस्टर झालेला दस्त, यातल्या एकाचाही अर्थ ‘परवानगी’ होत नाही.

बरं, चुकतात ते फक्त गुंठेवाले, असं म्हणावं तर निगडीला एक चक्कर मारा. तिथल्या सेक्टर २२ मध्ये जेएनएनयूआरएममधून झोपडपट्टी पुनर्वसनाची ११,७६० घरं ठरली होती. बांधणारी कोण? खुद्द महापालिका. जागा निघाली देहूरोडच्या रेड झोनमध्ये. प्रकरण हायकोर्टात गेलं, काम थांबलं आणि काही इमारतींचे सांगाडे वर्षानुवर्षं तसेच उभे राहिले. प्लॅन बनवणारे, तपासणारे, पास करणारे सगळे एकाच इमारतीत बसत होते, तरी हे झालं! मग एजंटच्या मोबाइलवरच्या पीडीएफवर आपण किती भरवसा ठेवायचा?

हे सगळं आत्ता डोक्यात येण्याचं कारण माझी ऑफिसातली मैत्रीण. येरवड्यात नोकरी, लोहगावला पीजी, वय २७. दिघीत वन बीएचके बघून आली आणि दुसऱ्या दिवशी डबा खाताना पडद्यांचे रंग सांगायला लागली. चार गुंठ्यांचा प्लॉट, बिल्डिंग रेडी. मी रेरा नंबर विचारला. ‘लागत नाही म्हणाला तो.’ त्यात तो खरंच बोलत होता. ५०० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट असला किंवा फ्लॅट आठपर्यंत असले तर नोंदणी लागत नाही. चार गुंठे म्हणजे जेमतेम ४०० चौरस मीटर. म्हणजे जिथे जोखीम जास्त, तिथेच ही खिडकी बंद. मग लोन? ‘मोठ्या बँका कटकट करतात, पतसंस्थेतून करून देतो म्हणाला.’ इथे माझा घास हातातच राहिला. बँक वर्षानुवर्षं व्याज कमवायला तयार नाही, याहून मोठी धोक्याची घंटा कुठली हवी? तिच्या डाउन पेमेंटमध्ये पाच वर्षांचं सेव्हिंग आणि आईच्या पाटल्या आहेत.

मी तिला म्हटलं, तो सांगतो ते कागदावर माग. कमेन्समेंटची कॉपी, भोगवटा प्रमाणपत्र आणि महापालिकेचा झोन दाखला. तिने त्याच संध्याकाळी फोन लावला. उत्तर आलं, ‘मॅडम, हजारो लोक राहतायत की इथे, त्यांना काय झालंय?’ आणि रविवारनंतर रेट वाढणार, हेही आलंच.

टोकनचा चेक अजून तिच्या पर्समध्येच आहे. झोन दाखल्याच्या अर्जात सर्व्हे नंबर लिहावा लागतो. तो त्याने अजून दिलेला नाही.