नव्या वसाहतीला हरकत घेण्यापूर्वी

डॅलसच्या उत्तरेस, कॉलिन आणि डेंटन या काउंट्यांतील ज्या काळ्या जमिनीत पूर्वी कपाशी पिकत असे आणि जिच्यावर आज आपल्या मंडळाच्या कितीतरी सभासदांची घरे उभी आहेत, तेथील एखाद्या मोकळ्या रानाच्या कडेला झोनिंग बदलाच्या जाहीर सुनावणीचा फलक लागला, की शेजारच्या वसाहतीत जी खळबळ माजते आणि सिटी हॉलमधील तीन-तीन मिनिटांच्या भाषणांत जिचे पर्यवसान होते, तिच्यात अलीकडे मराठी आवाजही ऐकू येऊ लागले आहेत. आपली माणसे सार्वजनिक कारभारात लक्ष घालू लागली, ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु हे आवाज बहुधा 'नवी घरे नकोत' याच एका मागणीसाठी उठतात, आणि ती मागणी न्यायाला धरून नाही, तशीच ती आपल्या हिताचीही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. शहराचा दीर्घ मुदतीचा विकास आराखडा, त्याला अनुसरून ठरणारे झोनिंग आणि शेवटी प्लॅट, म्हणजे मोजणी करून आखलेला भूखंडांचा आणि रस्त्यांचा नकाशा, अशा तीन पायऱ्या येथे असतात. पहिल्या दोन पायऱ्यांवर लोकमताला खरे वजन असते. झोनिंग बदलायचे झाल्यास २०० फुटांच्या आतील मालकांना लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यांच्या लेखी हरकतींची कायद्याने दखल घ्यावी लागते. तिसऱ्या पायरीवर मात्र, नकाशा सर्व नियमांत बसत असेल तर त्याला मंजुरी देण्यावाचून गत्यंतर नसते, आणि ३० दिवसांच्या मुदतीत त्यावर काहीच निर्णय झाला नाही तर तो मंजूर झाला असेच मानले जाते. आपली मंडळी नेमकी या शेवटच्या पायरीवर शेकडो सह्यांचे अर्ज घेऊन धावतात, आणि अर्ज निष्फळ ठरला की बिल्डरने कौन्सिल खिशात घातले, असा निष्कर्ष काढून मोकळी होतात.

मंजुरीची ही पद्धत निव्वळ बिल्डरधार्जिणी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी महाराष्ट्रातील गुंठेवारी आठवावी. मंजूर ले-आउट नसताना शेते गुंठ्यागुंठ्याने विकली गेली, घरे आधी झाली आणि रस्ता, गटार, पाणी यांची तजवीज मागाहून करावी लागली. अखेर असल्या वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ साली सरकारला स्वतंत्र कायदाच करावा लागला. येथे मंजूर नकाशा काउंटीच्या दप्तरात नोंदला गेल्याशिवाय भूखंडाची विक्री होत नाही, आणि त्या नकाशासाठी रस्त्यांची रुंदी, सांडपाण्याच्या वाहिन्या, अग्निशमनाचे नळ आणि पावसाचे पाणी अडवणारे तळे यांचा हिशेब आधी द्यावा लागतो. मंजुरी ही कोणावर केलेली मेहेरबानी नसून नियम पाळणाऱ्याला मिळणारा हक्क आहे, आणि तो हक्क शेजाऱ्यांच्या मर्जीवर सोपवला तर नियमांना अर्थच उरणार नाही.

आता नेहमीच्या हरकती. शाळांत गर्दी होईल, ही त्यांतली सर्वांत मोठी. परंतु शाळांचा कारभार नगरपरिषदेकडे नसून स्वतंत्र शालेय जिल्ह्याकडे असतो, आणि अनुभवही वेगळेच सांगतो: आपल्या शेजारच्या प्लेनोच्या शालेय जिल्ह्याने, विद्यार्थिसंख्या घटत चालल्यामुळे, २०२४ साली चार शाळा बंद करण्याचा ठराव केला. तरुण कुटुंबांना परवडतील अशी घरे जेथे मिळेनाशी होतात, तेथील वर्ग भरण्याऐवजी रिकामे होऊ लागतात. रहदारीची तक्रार खरी आहे. पण तिचे मूळ घरांच्या संख्येइतकेच, एकाच तोंडाने मोठ्या रस्त्यावर उघडणाऱ्या आणि शेजारच्या वसाहतीशी कोठेही न जोडलेल्या आपल्याच बंद गल्ल्यांच्या आखणीत आहे. पाण्याची काळजीही रास्त आहे, कारण फॅनिन काउंटीत बोडार्क सरोवर बांधून त्याचे पाणी २०२३ साली या भागाला मिळू लागले, तेव्हा राज्यात जवळजवळ तीस वर्षांनी असा मोठा नवा जलाशय झाला होता. मात्र उन्हाळ्यात पाण्याचा मोठा वाटा कोठे जातो, हे प्रत्येकाने स्वतःच्या अंगणात पाहावे. हिरवळ तर असतेच, आणि काळी माती भेगाळून घराचा पाया खचू नये म्हणून भिंतीलगत पाझरती नळी अंथरून पायालाही पाणी पाजावे लागते.

यावरून माझ्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. खरी मागणी करायची असेल तर ती लहान भूखंडांची करावी. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. त्यांतील तिसरा हिस्सा रस्ते आणि तळी यांच्याकडे गेला असे धरले, तर ८,५०० फुटांचे तीनच भूखंड त्यात बसतात, आणि ३,००० फुटांचे, म्हणजे जवळजवळ पावणेतीन गुंठ्यांचे, नऊ बसतात. जमिनीची किंमत तिघांऐवजी नऊ जणांत विभागली जाते, हिरवळ आटोपशीर राहते आणि पाण्याचा खर्चही कमी होतो. टेक्सासच्या विधिमंडळाने २०२५ साली संमत केलेल्या सिनेट विधेयक क्रमांक १५ ने मोठ्या शहरांना, पूर्वी प्लॅट न झालेल्या पाच एकर वा अधिक जमिनीवरील एककुटुंबी वसाहतींत, ३,००० चौरस फुटांहून मोठ्या भूखंडांची सक्ती करण्यास मनाई केली. स्थानिक स्वराज्यावर हे अतिक्रमण होय, असा आक्षेप घेतला जातो आणि तो सर्वस्वी पोकळ नाही. परंतु नगरपरिषदेच्या निवडणुकीत आज घर असलेल्यांचे मत असते, उद्या घर शोधत येणाऱ्यांचे नसते, आणि ज्यांना मत नाही त्यांचा विचार कोणीतरी वरच्या पातळीवरून करणे भाग आहे.

आपल्या याच भागातील फ्रिस्को शहराची वस्ती २००० सालच्या जनगणनेत ३३,७१४ होती, ती २०२० साली २,००,५०९ झाली. या वाढीत आपणही आहोत. आपल्या प्रत्येकाच्या घराचा नकाशा कधीतरी याच टेबलावर मंजुरीसाठी आला होता, आणि त्या दिवशीच्या रहिवाशांचे म्हणणे मानले गेले असते तर आपल्याला येथे जागा मिळाली नसती.

म्हणून मंडळाच्या सभासदांना माझी विनंती एवढीच, की प्लॅटच्या रात्री जमण्याऐवजी विकास आराखड्याच्या बैठकांना, जेथे बहुतेक खुर्च्या रिकाम्या असतात, आपण नियमाने जावे. नव्या वसाहतीचा रस्ता आपल्या वसाहतीला जोडावा, दोहोंत पायवाट असावी आणि भूखंड शिक्षकाला नि परिचारिकेला परवडावेत इतके लहान असावेत, असे तेथे सांगावे. एवढे करूनही एखादा नकाशा आपल्या मनासारखा झाला नाही आणि तरी तो नियमांत बसत असला, तर त्याला मंजुरी मिळू देणे हे आपले नागरिक म्हणून कर्तव्यच आहे.