शिळं कुणाच्या ताटात?

पापड, कुरडया, सांडगे, लोणची घालून वर्षाची बेगमी करणं हे बायकांचंच काम. त्याला ना मोल, ना मान. पुढे ज्या घरांत फ्रिज आला, तिथे दूध नासेना, भाजी टिकू लागली, कष्ट थोडे कमी झाले. हे चांगलंच. पण रात्रीचं उरलेलं दुसऱ्या दिवशी खातं कोण? बहुतेक घरांत बाईच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, पुरुषांत २५ टक्के. कारणं अनेक आहेत. बाईने शेवटी, उरलंसुरलं जेवणं हे त्यातलं एक. फ्रिजने ही रीत मोडली नाही. मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारू या : कालची भाजी आज कुणी खाल्ली?