सुरी पुसली, धार कुणी लावायची?

दोस्तांनो, साध्या पोलादाची सुरी धुऊन कोरडी पुसली की झालं, असं नाय. गंज टळतो, इतकंच. रोजच्या वापरानं धार जातेच. ओल्या दगडावर वीसेक अंशांच्या कोनात दोन्ही बाजू घासाव्याच लागतात. बोथट सुरी जास्त बेइमान. टोमॅटोवरून घसरते नि बोटात शिरते.

अमेरिकेतल्या मतदान हक्क कायद्याचं हेच झालं, असं माझं मत. 1965 साली सेल्माच्या पुलावर काळ्या माणसांनी डोकी फोडून घेतली, तेव्हा तो आला. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी वॉशिंग्टनची परवानगी घ्यावी लागे. ही त्याची धार. 2006 साली सिनेटनं 98 विरुद्ध 0 मतांनी 25 वर्षांची मुदतवाढ दिली. वाजवा टाळ्या! पण कोणती राज्यं, हे ठरवायचं सूत्र 1964, 1968, 1972 च्या आकड्यांवरच ठेवलं. 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं त्याच जुनेपणावर बोट ठेवून सूत्र रद्द केलं, 5 विरुद्ध 4 मतांनी. त्याच दिवशी टेक्सासनं अडवलेला ओळखपत्राचा कायदा लागू करत असल्याचं जाहीर केलं.

न्यायाधीशांना शिव्या सगळेच घालतात. मी त्या 98 जणांनाही घालतो. सेल्मात कवटी फुटलेले जॉन लुईस 2020 साली गेले. त्यांच्या नावाचं, नवं सूत्र देणारं विधेयक 2021 साली प्रतिनिधिगृहात मंजूर झालं. सिनेटमध्ये अडलं.