वेष्टनावरचा हिरवा रंग

पावसाळ्याच्या तोंडाशी शहापूर-मुरबाडच्या रानात मोहाची फळे गळू लागतात. कातकरी व ठाकूर स्त्रिया त्यांच्या बिया वेचतात, फोडतात, वाळवतात. बियांचे तेल घरी खाण्यात येते. लोण्यासारखे थिजणारे हेच तेल साबणात आणि उंची प्रसाधनांतही वापरले जाते. अशा प्रसाधनांवर ‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द दिसला की सुखवस्तू ग्राहक जादा दाम मोजतो. त्याची भावना खोटी नाही. कसोटी मात्र अपुरी आहे. बाटली काचेची आहे काय, प्राण्यांवर प्रयोग झाले काय, एवढे तो विचारतो. बी कोणी वेचले व तिच्या पदरी काय पडले, हे विचारीत नाही.

केंद्र शासनाने 2020 मध्ये मोहाच्या बियांची किमान आधारभूत किंमत किलोला 29 रुपये ठरविली. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी वननिवासींना दिली. परंतु मालकी कागदावर आणि भाव व्यापाऱ्याच्या हाती, ही व्यवस्था टिकाऊ कशी म्हणावी? मोह राखणाऱ्याची चूल पेटली तरच मोह राहील. म्हणून उत्पादकांनी वेचणाऱ्यांना दिलेला दर वेष्टनावर छापावा आणि ग्राहकांनी तो पाहूनच खरेदी करावी.