मणियार म्हणजे कोण? सोलापूरच्या पेठांतून शोधलेलं उत्तर

मागच्या ईदला पुतण्या पुण्याहून घरी आला, तो गप्पच होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजजवळ खोली शोधत होता. फोनवर घरमालक म्हणाले, "मणियार का? या, बघून जा." प्रत्यक्ष गेल्यावर त्यानं पूर्ण नाव सांगितलं आणि खोली "कालच गेलेली" निघाली. मणियार हे आडनाव मारवाडी-गुजराती घरांतही असतं. म्हणजे आडनाव चाललं, नाव चाललं नाही.

"चाचू, इथं आपलं नेमकं आहे तरी काय?" त्यानं विचारलं.

मी सॉफ्टवेअरवाला. प्रश्न आला की लॅपटॉप उघडायची सवय. पण त्या दिवशी म्हटलं, उद्या फजरनंतर बूट घाल, चालत जाऊ.

नदीकाठच्या शहरात अशी भटकंती घाटावरून सुरू होते. सोलापूर शहरात नदी नाही. सीना पश्चिमेला राहते, भीमा दक्षिणेला. आपल्याकडे आहे तो सिद्धेश्वर तलाव. तलावात सिद्धरामेश्वरांचं मंदिर. बाराव्या शतकात कन्नडमधून वचनं लिहिणारे हे संत. तलावाच्या काठालाच बहमनी काळातला भुईकोट किल्ला. इथं माल नावेतून नाही, रस्त्यानं आला. तुळजापूर वेस, विजापूर वेस ही नावंच सांगतात की गावातून वाटा कुठं कुठं जात होत्या.

किल्ल्यापाशी मी रंगात आलो. निजामशाही आणि आदिलशाही या किल्ल्यासाठी किती भांडल्या, चांदबिबीच्या लग्नात सोलापूर कसं हुंड्यात दिलं गेलं, सगळं सांगितलं. पुतण्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे सुलतान होते तोवर आपण होतो. आता नाही."

मला उत्तर सुचलं नाही. कारण चूक माझीच होती. सुलतान आपले कोण लागत होते? आपले पूर्वज तख्तावर बसलेले नव्हते, डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरत होते. आपली आडनावंच बघा. मणियार बांगड्यांचा, अत्तार सुगंधाचा, तांबोळी पानाचा, बागवान फळं-भाजीचा, नदाफ कापूस पिंजणारा, मोमीन विणकर. कुणी आपल्याला "तुम्ही कुठून आलात?" असं विचारलं, तर आडनावातच उत्तर आहे. बाजारातून आलो.

मग किल्ला सोडून आम्ही बाजाराकडे वळलो. विजापूर वेस, बेगम पेठ करत मधला मारुती आणि चाटी गल्लीपर्यंत. दुकानं अजून उघडत होती. पाट्या मराठीत, पण आतली बोली वेगवेगळी. एका दुकानात कन्नड, पुढच्यात दखनी, त्यापुढं मारवाडी. तिथं मी त्याला त्याच्या परदादीबद्दल सांगितलं.

माझी दादी शाळेत गेली नव्हती. पाटीत काचेच्या बांगड्या घेऊन ती याच पेठांतून फिरायची. लिंगायत घरी कन्नड बोलायची, पद्मशाली घरी तेलुगू, मराठ्यांकडे मराठी आणि आपल्या घरी दखनी. लग्नघरात नवरीचा हात हातात घेऊन चुडा भरायची. बांगडी फुटू न देता चढवायची म्हणजे समोरचीचा विश्वास लागतो. पैसे कधी लगेच, कधी सुगी झाल्यावर. लिहिता येत नव्हतं, उधारी सगळी तोंडपाठ. तिला "इथं आपलं काय आहे?" असं विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, "गिनू क्या? कितने घरां पे उधारी है!"

हा एका घरापुरता किस्सा नाही, शहर असंच उभं राहिलंय. साळी, कोष्टी, मोमीन हे इथले जुने विणकर. १८६० मध्ये रेल्वे आली. १८७७ मध्ये मुंबईचे मोरारजी गोकुळदास यांनी कापडाची गिरणी काढली. तीच आपली जुनी गिरणी. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, पूर्व भागात माग धडधडू लागले. ज्या सोलापुरी चादरीला पुढं भौगोलिक मानांकन मिळालं, ती चादर कोणा एका समाजाची म्हणून दाखवता येईल का?

मी तसं करून पाहिलं होतं. या फेरीचा नकाशा बनवताना प्रत्येक ठिकाणापुढं एक रकाना ठेवला होता, "वारसा कोणाचा?" दहा ठिकाणं भरेपर्यंत रकान्यात इतकी नावं झाली की शेवटी तो रकानाच काढून टाकला.

आता कुणी म्हणेल, हे सगळं गोड गोड आहे. बरोबर. व्यापार होता म्हणून बरोबरी होती असं नाही. जातीनुसार वस्त्या होत्या, पाणवठे वेगळे होते. आणि ऑक्टोबर २००२ ची दंगल याच शहरात झाली, ती मी पाहिलेली आहे. शेजारी शेजाऱ्याला विसरू शकतो. आज तर "अमक्याच्या दुकानातून घेऊ नका" असे मेसेज फिरतात. पण म्हणूनच ही आठवण जपायची. बहिष्काराचा मेसेज खोटा ठरवायला भाषण पुरत नाही. त्याच्यापुढं दादीची उधारी ठेवावी लागते.

शेवटी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थांबलो. मे १९३० मध्ये सोलापुरात इंग्रजांची सत्ता काही दिवस उरली नव्हती, मग मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि 'गझनफर' हे वृत्तपत्र चालवणारे कुर्बान हुसेन. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. सकाळपासून ज्या पेठांतून आलो, त्याच पेठांची ही नावं. पुतण्यानं चारही नावं मोठ्यानं वाचली.

मित्रांनो, खोली त्याला अजून मिळालेली नाही. या फेरीनं घरमालक बदलत नाही. त्यासाठी कायदा हवा, तक्रार करण्याची हिंमत हवी, आणि ते काम आपल्याला करायचंच आहे. पण तक्रार करणारा स्वतःला पाहुणा समजत असेल, तर त्याचा आवाज दाराबाहेरच राहतो.

म्हणून एक काम सांगतो. या सुट्टीत घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला घेऊन त्यांच्या जुन्या पेठेतून एक तास चाला. दुकान कुठं होतं, माल कुठून यायचा, गिऱ्हाईक कोण, उधारी कोणाकडे, हे विचारा. मराठीत लिहून ठेवा. किल्ले सांभाळायला पुरातत्त्व खातं आहे. दादीची पाटी सांभाळायला आपल्याशिवाय कुणी नाही.

पुतण्यानं सुरुवात केलीय. वहीच्या पहिल्या पानावर त्यानं लिहिलंय, "मणियार म्हणजे कोण?" खाली अजून चारच ओळी आहेत.